रॅम वाढवण्याआधी वाटणी पाहा

संगणक संथ चालू लागला की आपल्याकडच्या संस्थांना एकच उपाय सुचतो, तो म्हणजे नवा घ्या. शाळा असो, वाचनालय असो, पतसंस्था असो की एखादा शैक्षणिक ट्रस्ट, सगळीकडे गोष्ट सारखीच घडते. बैठकीत विषय निघतो, कोटेशन मागवले जाते, चंद्याची वही उघडली जाते आणि नवा सर्व्हर येतो. चार-सहा महिने सगळे खूश असतात. मग पुन्हा तीच रड सुरू होते. मशीन नवे असते, पण आतली सेटिंग जुनीच असते. किंबहुना सेटिंग कुणी केलेलीच नसते.

माझे म्हणणे सरळ आहे. ज्या सर्व्हरवर आपला डेटाबेस चालतो, त्याच्या मेमरीची वाटणी कशी झाली आहे हे पाहिल्याशिवाय कोणत्याही संस्थेने नव्या मशीनवर एक रुपयाही खर्च करू नये. आणि ही वाटणी पाहणे ही इंजिनिअरांची मक्तेदारी नाही. ज्याला बेरीज-गुणाकार येतो आणि जो चार ओळींची नोंद ठेवू शकतो, त्याला ती पाहता येते.

मी भाषेची शिक्षिका आहे. उर्दू आणि मराठी शिकवते. मी या विषयावर का लिहावे, असे कुणी विचारले तर उत्तर सोपे आहे. लहान संस्थेत ज्याला टायपिंग जमते, त्याच्या गळ्यात संगणकाची सगळी कामे पडतात. निकालपत्रे, माहितीचे तक्ते, वाचनालयाची यादी, शिष्यवृत्तीचे अर्ज हे सगळे आम्ही शिक्षकच भरतो. मग सर्व्हर संथ का, याचे उत्तर आम्हाला समजू नये असा नियम कुणी केला?

आधी डेटाबेस सर्व्हर मेमरी वापरतो कशासाठी, ते पाहू. डेटाबेसमधली सगळी माहिती डिस्कवर कायमची ठेवलेली असते. पण डिस्कवरची माहिती थेट वापरता येत नाही. ती आधी मेमरीत, म्हणजे रॅममध्ये आणावी लागते. डेटाबेस ही माहिती पानापानांनी आणतो. मायएसक्यूएल आणि मारियाडीबी यांचे एक पान साधारणपणे १६ केबीचे असते, पोस्टग्रेसचे ८ केबीचे. एकदा आणलेले पान मेमरीत राहिले, तर पुढच्या वेळी डिस्ककडे जावे लागत नाही. जागा नसेल तर जुने पान काढून नवे आणावे लागते आणि जुन्याची गरज पडली की पुन्हा डिस्कची वारी.

या वारीची किंमत किती? रॅममधून माहिती उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. एसएसडीवरून वाचायला साधारण १०० मायक्रोसेकंद, म्हणजे हजारपट. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर १० मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे लाखपट. आकडे ढोबळ आहेत, पण प्रमाण खरे आहे. वर्गात सांगायचे झाले तर मी असे सांगेन. रॅममधून माहिती आणायला एक सेकंद लागतो असे समजा. मग एसएसडीवरून आणायला सोळा-सतरा मिनिटे लागतील आणि हार्ड डिस्कवरून सत्तावीस तासांहून जास्त. म्हणजे प्रश्न मशीन किती वेगवान आहे एवढाच नाही. वारी किती वेळा करावी लागते, हा आहे.

आता मुख्य मुद्दा. मेमरी मशीनमध्ये आहे म्हणून डेटाबेस ती वापरतोच असे नाही. त्याला सांगावे लागते. मायएसक्यूएल आणि मारियाडीबीमध्ये पाने ठेवण्याच्या या जागेला बफर पूल म्हणतात आणि तिचे मुळातले माप आहे १२८ एमबी. पोस्टग्रेसमध्ये तिला शेअर्ड बफर्स म्हणतात आणि तिथेही नेहमीचे माप १२८ एमबीच. हे माप कमी ठेवण्यात निर्मात्यांचा काही दोष नाही. सॉफ्टवेअर लहानात लहान मशीनवरही सुरू व्हावे, इतर प्रोग्रामांची जागा त्याने खाऊ नये, म्हणून ते ठेवलेले असते. नवी सायकल दुकानातून येते तेव्हा सीट खाली असते. ती आपल्या उंचीप्रमाणे वर करायची असते. आपण सीट न बदलता गुडघे दुखतात म्हणून दुसरी सायकल विकत घेतो.

एक उदाहरण देते. ज्या वाचनालयात मी वेळ मिळेल तेव्हा मदत करते, तिथे कोहा हे ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर चालते. कोहा मुक्त सॉफ्टवेअर आहे. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय संस्थेसाठी १९९९ साली ते तयार झाले आणि जानेवारी २००० मध्ये वापरात आले. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेटवस्तू. त्याच्या पोटात मारियाडीबी किंवा मायएसक्यूएल असते. आमच्याकडे मारियाडीबी होते. मशीनमध्ये आठ जीबी रॅम, हार्ड डिस्क साधी. पुस्तक परत घेताना पडदा थांबायचा आणि वर्षाचा अहवाल काढायचा तर दुपार जायची. सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्याचे म्हणणे पडले की मशीन जुने झाले, नवे घ्या. सेटिंगबद्दल विचारले तर उत्तर आले, "मॅडम, ते तुमच्या विषयाचं नाही."

विषय गणिताचा होता आणि गणित चौथीचे होते. बफर पूल किती, तर १२८ एमबी. मशीनमधली मेमरी ८,१९२ एमबी. म्हणजे चौसष्टावा हिस्सा. पुस्तके, वाचक, देवघेव, जुन्या नोंदी असा सगळा डेटाबेस मिळून सुमारे दीड जीबी. दीड जीबीची माहिती १२८ एमबीच्या खोलीत येत-जात होती आणि शेजारी कित्येक जीबी जागा रिकामी पडली होती. मारियाडीबीच्या १०.६ आवृत्तीपासून तर लिनक्सवर ही पाने ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशला वगळून थेट डिस्कवरून वाचली जातात. त्यामुळे शेजारच्या रिकाम्या जागेचा तिला आपोआप फायदाही होत नाही. बफर पूल तीन जीबी केला. सगळा डेटाबेस मेमरीत मावू लागला आणि कोहाच्या स्वतःच्या कामाला, शोधयंत्रणेला, ऑपरेटिंग सिस्टिमला पुरेशी जागा उरली. मशीन तेच, डिस्क तीच. एका ओळीतला एक आकडा बदलला. नव्या सर्व्हरचा विषय बैठकीच्या पत्रिकेवरून उतरला.

तीन जीबीच का, सहा का नाही? अनेक ठिकाणी वाचायला मिळते की बफर पूल एकूण मेमरीच्या ८० टक्क्यांपर्यंत ठेवता येतो. ते खरे आहे, पण त्याला एक अट आहे. त्या मशीनवर फक्त डेटाबेसच चालत असला पाहिजे. लहान संस्थेत असे कधीच नसते. एकाच मशीनवर डेटाबेस, वेब सर्व्हर, शोधयंत्रणा, बॅकअप, कधी तर टॅलीही असते. एकाच घरात चार भाऊ राहत असतील तर एकाला ऐंशी टक्के खोल्या देता येत नाहीत. आणि माहितीच दीड जीबीची असेल तर सहा जीबीची खोली देऊन उपयोग काय? म्हणून आधी दोन मापे घ्यावीत, माहिती किती आणि शेजारी कोण कोण. टक्केवारी त्यानंतर.

बफर पूल पुरतो की नाही, हे ओळखण्यासाठी अंदाज बांधायची गरज नाही. मायएसक्यूएल आणि मारियाडीबी स्वतःच दोन आकडे मोजत असतात. पाने किती वेळा मागितली गेली हा एक आणि त्यांपैकी किती वेळा डिस्कवर जावे लागले हा दुसरा. इथे आम्हा शिक्षकांची एक सवय आड येते. आम्हाला ९५ टक्के दिसले की आम्ही शाबासकी देतो. शंभरपैकी ९५ वेळा पान मेमरीत मिळाले, छानच की! आता हिशोब करा. मेमरीतल्या वाचनाची किंमत १ धरा, एसएसडीवरची १,०००. ९५ टक्क्यांवर सरासरी किंमत येते सुमारे ५१. तीच ९९.९ टक्क्यांवर येते सुमारे २. म्हणजे ९५ आणि ९९.९ यांत पाच गुणांचा फरक नाही, पंचवीसपट फरक आहे. हे आकडे सर्व्हर सुरू झाल्यापासूनचे असतात, म्हणून तो आठवडाभर चालू द्यावा, सोमवारी आणि शनिवारी नोंद घ्यावी आणि वजाबाकी करावी. आजाऱ्याचा ताप जसा रोज लिहून ठेवतात, तसे.

आपल्या संस्थांची आणखी एक रीत आहे. संध्याकाळी कार्यालय बंद करताना सर्व्हरही बंद करतात आणि सकाळी पुन्हा सुरू करतात. सर्व्हर सुरू होतो तेव्हा बफर पूल रिकामा असतो. त्यामुळे सकाळचा पहिला तास, नेमका गर्दीचा, संथ जातो. मायएसक्यूएल ५.७ आणि मारियाडीबी १०.२ पासून एक सोय नेहमी चालू असते. बंद होताना सर्व्हर मेमरीतल्या पानांची यादी लिहून ठेवतो आणि सुरू होताना ती पाने परत आणतो. मात्र मुळात ही यादी अलीकडे वापरलेल्या एक चतुर्थांश पानांचीच असते. हे प्रमाण वाढवता येते. शिवाय ही यादी सर्व्हर रीतसर बंद केला तरच लिहिली जाते. भिंतीवरचे बटण दाबून वीज तोडली तर यादी नाही, आणि माहितीला जो धोका असतो तो वेगळाच. शिपाईभाईंना बंद करण्याची रीत एकदा नीट दाखवली तर सकाळचा अर्धा त्रास तिथेच संपतो.

आता दुसरी बाजू. मेमरी कमी दिल्याने सर्व्हर संथ होतो, पण जास्त दिल्याने तो कोसळू शकतो. पोस्टग्रेसचे उदाहरण घ्या. त्याची रीत वेगळी आहे. तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशवरही भिस्त ठेवतो. म्हणून त्याच्या मार्गदर्शनात शेअर्ड बफर्स २५ टक्क्यांपासून सुरू करा असे सांगितले आहे आणि ४० टक्क्यांपुढे गेल्याने सहसा फायदा होत नाही असेही. मायएसक्यूएलचे ८० टक्के उचलून पोस्टग्रेसला लावणे म्हणजे मराठीचे व्याकरण उर्दूला लावणे.

पोस्टग्रेसमध्ये वर्क मेम नावाची आणखी एक सेटिंग आहे. यादी क्रमाने लावणे, दोन तक्ते जोडणे अशा कामांसाठी लागणारी ही जागा. तिचे मूळ माप ४ एमबी. अहवाल संथ आहे म्हणून कुणीतरी ती ६४ एमबी करतो आणि विसरून जातो. पण ही मेमरी संपूर्ण सर्व्हरला मिळून नसते. ती प्रत्येक कामाला असते आणि एका प्रश्नात अशी दोन-तीन कामे असू शकतात. मुळात एकाच वेळी १०० जोडण्यांची परवानगी असते. १०० जोडण्या, प्रत्येकी दोन कामे, प्रत्येकाला ६४ एमबी हा गुणाकार १२,८०० एमबी होतो, म्हणजे साडेबारा जीबी. मशीनमध्ये आठच जीबी असतील तर निकालाच्या दिवशी काय होईल, ते वेगळे सांगायला नको. मेमरी संपली की लिनक्स आधी स्वॅप वापरू लागतो, म्हणजे मेमरीचे काम डिस्कवर करतो. ज्या वाऱ्या टाळण्यासाठी आपण हे सगळे केले, त्याच दुप्पट होतात. तरीही भागले नाही तर तो एखादा प्रोग्राम मारून टाकतो आणि बहुधा बळी जातो तो सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेल्याचा, म्हणजे डेटाबेसचाच. उपाय सोपा आहे. सर्वांसाठी वर्क मेम थोडी ठेवावी आणि वर्षाचा मोठा अहवाल काढताना फक्त त्या जोडणीपुरती वाढवावी. पोस्टग्रेसमध्ये अशी सोय आहे.

जास्त मेमरी म्हणजे जास्त वेग, हे गृहीतक संगणकशास्त्राने फार पूर्वी तपासले आहे. १९६९ साली लास्लो बेलाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की जे पान आधी आले ते आधी बाहेर काढायचे, असा साधा नियम वापरला तर काही वेळा मेमरी वाढवल्यावर डिस्कच्या वाऱ्या वाढतात. १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५ या क्रमाने पाने मागा. तीन जागा असतील तर नऊ वाऱ्या होतात, चार जागा असतील तर दहा. कागद-पेन्सिल घेऊन करून पाहा, वर्गातल्या मुलांकडूनही करून घ्या. आजचे डेटाबेस इतका भोळा नियम वापरत नाहीत. इनोडीबी नवे पान आल्याबरोबर त्याला पहिल्या रांगेत बसवत नाही, मधल्या जागी ठेवते. काही वेळाने ते पुन्हा मागितले गेले तरच पुढे नेते. एका रात्रीसाठी आलेल्या पाहुण्याला घरातल्यांची खोली देत नाहीत, तसेच. पण बेलाडींचा धडा आजही लागू आहे. मेमरी किती, याइतकेच तिचा नियम काय, हे महत्त्वाचे असते.

एक हरकत नेहमी घेतली जाते. रॅम आता स्वस्त आहे, डोकेफोड कशाला, टाकून द्या आणखी आठ जीबी. मोठ्या कंपनीत, जिथे माणसाचा तास महाग आणि मशीन स्वस्त, तिथे हा हिशोब कदाचित बरोबर असेल. आपल्याकडे तो उलटा आहे. शिवाय तो मूळ मुद्दाच विसरतो. बफर पूल १२८ एमबीवर ठेवून आठाचे सोळा जीबी केले, तर चौसष्टाव्या हिश्श्याचा एकशे अठ्ठाविसावा हिस्सा होतो, एवढाच बदल. डेटाबेसला वाढीव जागा दिसतही नाही.

काही ठिकाणी तर दिसली तरी घेता येत नाही. अनेक लहान संस्थांची सॉफ्टवेअरे एसक्यूएल सर्व्हरच्या एक्स्प्रेस या मोफत आवृत्तीवर चालतात. २०१६ ते २०२२ या आवृत्त्यांमध्ये एक्स्प्रेसच्या बफर पूलला १,४१० एमबीची मर्यादा आहे. तुम्ही ३२ जीबी रॅम टाकली तरी पाने ठेवायला तो त्यापलीकडे जाणार नाही. ही अट जाहीर कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेली आहे. पण कोटेशनवर सही करणाऱ्या विश्वस्तांपर्यंत ती कधी पोहोचते का? त्याच घराण्याची पैशाची आवृत्ती घेतली तर अडचण उलटी असते. कमाल मेमरीचे मूळ माप इतके प्रचंड असते की व्यवहारात मर्यादाच नसते. तिथे आकडा घालून द्यावा लागतो, नाहीतर डेटाबेस मेमरी घेत जातो आणि बाकीचे प्रोग्राम उपाशी राहतात.

आणखी एक गैरसमज पैसे खर्च करायला लावतो. लिनक्सवर मेमरीचा तक्ता पाहिला की मोकळी मेमरी अगदी थोडी दिसते आणि लोक घाबरतात. पण लिनक्स रिकामी मेमरी वाया जाऊ देत नाही. तिच्यात वाचलेल्या फाइली ठेवतो आणि गरज पडली की लगेच सोडून देतो. म्हणून "मोकळी" हा रकाना पाहायचा नसतो, "उपलब्ध" हा पाहायचा असतो. मोकळी कमी पण उपलब्ध भरपूर, हे निरोगी मशीनचे लक्षण आहे. या एका रकान्याच्या गोंधळापायी पैसे खर्च होत असतील तर त्याला उर्दूत इसराफ म्हणतात, मराठीत उधळपट्टी.

आपल्या भाषांचाही या हिशोबाशी संबंध आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजीचे एक अक्षर एक बाइट घेते. उर्दू लिपीतले एक अक्षर दोन बाइट. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो, काना-मात्रा असो की हलन्त, तीन बाइट. "मराठी" या शब्दात तीन व्यंजने आणि दोन स्वरचिन्हे, म्हणून १५ बाइट. "उर्दू" हा शब्द त्याच्या स्वतःच्या लिपीत चार अक्षरांचा, म्हणून आठ बाइट. रोमन लिपीत लिहिलेले "मराठी" सात बाइटचे. म्हणजे पुस्तकांची नावे, लेखकांची नावे, वाचकांचे पत्ते आपल्या लिपीत ठेवले की तितक्याच नोंदींना मेमरीही जास्त लागते. यावर उपाय म्हणून नावे रोमन लिपीत लिहा, असे सुचवणारे लोक मला भेटले आहेत. मला ते मान्य नाही. ज्या वाचनालयाच्या यादीत वाचकाला स्वतःच्या लिपीत पुस्तक शोधता येत नाही, ते वाचनालय त्याचे नाही. लिपी कापून वाचवायची ती मेमरी शेजारी रिकामी पडलेली असते. ती द्या.

हे सगळे लिहिताना मेमरी हे सर्व रोगांवरचे औषध आहे, असा समज मला करून द्यायचा नाही. अनेकदा रोग इंडेक्सचा असतो. ग्रंथाच्या शेवटी सूची नसेल तर एका शब्दासाठी सगळी पाने चाळावी लागतात. टेबलवर योग्य इंडेक्स नसेल तर डेटाबेसही तेच करतो आणि न लागणाऱ्या पानांनी बफर पूल भरून टाकतो. म्हणून संथ चालणारे प्रश्न कोणते, याची नोंद आधी चालू करावी. दुसरी गोष्ट म्हणजे वेगासाठी सुरक्षिततेच्या सेटिंग ढिल्या करू नयेत. प्रत्येक व्यवहार पूर्ण झाला की तो डिस्कवर पक्का लिहिला जातो. ही सेटिंग सैल केली तर वेग वाढतो, पण वीज गेली की शेवटच्या काही व्यवहारांवर पाणी सोडावे लागू शकते. फी भरल्याची नोंद गेली तर त्या पालकाला काय सांगणार? मेमरीची वाटणी बदलणे हा तुलनेने निर्धोक उपाय आहे, कारण त्यात माहितीला हात लागत नाही. मायएसक्यूएल ५.७ आणि मारियाडीबी १०.२ पासून तर बफर पूलचे माप सर्व्हर बंद न करताही बदलता येते. फक्त तोच आकडा सेटिंगच्या फाइलमध्येही लिहायला हवा, नाहीतर पुढच्या वेळी सुरू होताना जुना परत येतो. आणि काहीही बदलण्याआधी बॅकअप घ्यावा, हे सांगणे न लगे.

या विषयात पैशाचा विचार करणे कमीपणाचे नाही, उलट शास्त्राला धरून आहे. जिम ग्रे यांना पुढे १९९८ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्यांनी आणि जियानफ्रँको पुत्झोलू यांनी १९८७ मध्ये एक नियम मांडला, जो पाच मिनिटांचा नियम म्हणून ओळखला जातो. मेमरीची किंमत आणि डिस्कच्या वारीची किंमत यांची तुलना करून त्यांनी दाखवले की त्या वेळच्या दरांनुसार जी माहिती दर पाच मिनिटांत किंवा त्याआधी पुन्हा लागते, ती मेमरीत ठेवणेच स्वस्त. दहा वर्षांनी, १९९७ मध्ये, बदललेले दर घेऊन हा हिशोब पुन्हा तपासला गेला. मला त्यातली वृत्ती आवडते. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञांनी "घ्या मोठे मशीन" असे म्हटले नाही. कोणती माहिती किती वेळाने लागते आणि ती कुठे ठेवली तर किती खर्च येतो, हे त्यांनी विचारले. आपले विश्वस्त मंडळ एवढे दोन प्रश्न तरी विचारते का?

वाचकहो, मला खरी चिंता आहे ती पैशापेक्षा अवलंबित्वाची. जे ज्ञान एका पानावर मावते, ते आपल्या भाषेत नसल्यामुळे आपल्याला मशीनच्या रूपात विकत घ्यावे लागते. विक्रेता वाईट असतो असे नाही. त्याचा धंदा मशीन विकण्याचा आहे, आपली सेटिंग सुधारण्याचे त्याला कोणी पैसे देत नाही. दोष आपल्या कराराचाही आहे. वार्षिक देखभालीच्या करारात आपण पंखा पुसणे आणि व्हायरस तपासणे लिहितो. डेटाबेसची मेमरी वर्षातून दोनदा तपासून लेखी आकडे द्यावेत, हे कलम का घालत नाही?

त्यासाठी प्रत्येक संस्थेने सर्व्हरजवळ एक साधी वही ठेवावी. तिच्यात पाच गोष्टी लिहाव्यात. मशीनमध्ये एकूण मेमरी किती. डेटाबेस कोणता, त्याची आवृत्ती कोणती आणि त्या आवृत्तीला मेमरीची काही मर्यादा आहे का. सगळ्या माहितीचे आकारमान किती. बफर पूल किंवा शेअर्ड बफर्स किती ठेवले आहेत. गेल्या आठवड्यात किती वेळा पान मागितले गेले आणि त्यांपैकी किती वेळा डिस्कवर जावे लागले. सेटिंग बदलली तर तारीख, जुना आकडा, नवा आकडा आणि बदलणाऱ्याची सही. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे गुण कशाने आला ते कळते. ही वही इंग्रजीत असण्याची काहीच गरज नाही. मराठीत लिहा, उर्दूत लिहा.

आमच्या शाळांमधून बाहेर पडणारी कितीतरी मुले-मुली आज डिप्लोमा करतात, संगणकाचे कोर्स करतात आणि नोकरीची वाट पाहत बसतात. त्यांना जवळच्या वाचनालयाचा, पतसंस्थेचा सर्व्हर दाखवा. ही वही त्यांच्या हाती द्या. त्यांना थोडे मानधन द्या, ते नव्या मशीनच्या किमतीपुढे किरकोळ असेल. ती शिकतील आणि संस्थेचे कामही होईल. आणि "हा तुमचा विषय नाही" हे वाक्य त्यांना निमूटपणे ऐकून घ्यावे लागणार नाही.

तोवर एवढे करा. पुढच्या बैठकीत नव्या सर्व्हरचे कोटेशन टेबलावर आले, की सही करण्याआधी एक प्रश्न विचारा. आत्ताच्या सर्व्हरमध्ये डेटाबेसला किती मेमरी दिली आहे? उत्तर आकड्यात मागा. आकडा सांगता आला नाही, तर कोटेशन परत पाठवा.